बाळ रडलं नाही, तरी दुखतं

'तान्ह्या बाळाला काय कळतंय? टोचलं की रडतं, पाजलं की विसरतं.' टाचेतून रक्त घेताना हे आजी म्हणते, तसंच मुरलेल्या सिस्टरही म्हणतात. बाळ रडलंच नाही, तर 'बघा, दुखलंसुद्धा नाही' अशी पुस्तीही जोडली जाते. हे साफ चूक आहे, आणि या चुकीची किंमत बाळांनी मोजली आहे.

1985 साली अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. स्नायू लुळे करणारं औषध दिलं होतं, वेदनाशामक नव्हतं. बाळाला हलता येत नव्हतं, एवढंच. त्या काळी ही सर्रास चालणारी पद्धत होती. नवजाताच्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण पुरतं आलेलं नसतं, म्हणून वेदना मेंदूपर्यंत जात नाही, असा त्यामागचा तर्क. अहो, मोठ्या माणसातही वेदनेचे बरेच संदेश बिनआवरणाच्या तंतूंमधूनच जातात! उलट वेदना दाबून धरणारी यंत्रणा बाळात कच्ची असते.

इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. के. जे. एस. आनंद यांनी 1987 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की अशा शस्त्रक्रियेत फेंटानिल दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि गुंतागुंतही कमी होते. तरीही शंका असेल, तर ऑक्सफर्डचा 2015 चा एमआरआय अभ्यास पाहा: वेदनेच्या वेळी मोठ्यांच्या मेंदूतले जे 20 भाग जागे झाले, त्यांतले 18 नवजातांतही झाले.

मग न रडणाऱ्या बाळाचं काय? व्हेंटिलेटरवरच्या बाळाची नळी स्वरतंतूंमधून गेलेली असते. तोंड रडण्यासाठी उघडतं, आवाज फुटत नाही. अशा वेळी चेहरा वाचायचा: भुवयांमधला भाग फुगतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठाकडे येणारी घडी खोल होते. 'पिप' या मोजपट्टीत या तीन खुणांबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजनही मोजतात. शिवाय बाळ 28 आठवड्यांच्या आत जन्मलेलं असेल, तर मूळ पट्टीत त्याला आधीच 3 गुण मिळतात, कारण इतक्या कोवळ्या बाळात वेदना दाखवायचंही त्राण नसतं. शांत पडलेलं बाळ म्हणूनच जास्त काळजीने बघावं लागतं.

'विसरतं' म्हणावं, तर 1997 च्या कॅनडातल्या अभ्यासात वेदनाशामकाविना सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतरांपेक्षा जास्त कळवळली.

'साखरपाणी म्हणजे नुसती समजूत.' नाही. टोचण्याच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर टाकलेल्या सुक्रोजच्या थेंबांनी वेदनेच्या खुणा कमी होतात. पण ते रुग्णालयात, मोजून; घरी चाटवायचं नाही.

'टोचताना आईने बाहेर थांबावं.' का म्हणून? अंगावर पाजत असताना किंवा उघड्या छातीशी धरलेलं असताना टाच टोचली, तर बाळ कमी रडतं. बाळाची तब्येत तेवढी स्थिर असेल, तर आईने हे मागून घ्यावं आणि सिस्टरनी खुर्ची पुढे करावी.