दिवाळीत कानांवर हात ठेवणारं मूल

दिवाळीच्या सुट्टीत घर नातलगांनी भरतं आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाविषयी प्रत्येकाला काही ना काही सांगायचं असतं. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. सांगणारी माणसं मायेची आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त ऐकते ते "लाडावून ठेवलाय, हट्टी झालाय." जरीचा कुर्ता अंगात घातला की तो मानेशी ओरबाडायला लागतो. खाली सुतळी बॉम्ब वाजला की कानांवर हात दाबून पलंगाखाली जातो. बहुतेक स्वमग्न मुलांना आवाज, स्पर्श, वास, उजेड आपल्यासारखे जाणवत नाहीत. काहींना ते असह्य होतात, तर काहींना पुरेसे जाणवतच नाहीत. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या निकषांत याचा स्पष्ट समावेश आहे. आपल्या नियमांप्रमाणे चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाचे फटाके चालत नाहीत. पण त्याहून थोडा कमी आवाजही मोठ्या माणसाला दचकवतो, मग या मुलाचं काय होत असेल! हट्ट करणारं मूल मधेमधे आपल्याकडे बघून घेतं. असह्य होऊन कोसळलेल्या मुलाला समोर कोण आहे याचंही भान नसतं. तेव्हा रागावून, समजावून उपयोग नाही. दिवा मंद करायचा, बोलणं थांबवायचं आणि जवळ बसून राहायचं.

दुसरं वाक्य आयांना जास्त लागतं: "तू नोकरी करतेस, वेळ दिला नाहीस." हा आरोप जुना आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यात आईवडिलांच्या कोरडेपणाचाही उल्लेख होता. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तेच खापर आणखी जोरात फोडलं. खरं तर बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच याचं मूळ जैविक असल्याची मांडणी केली होती. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसून आला. तरी आईकडे बोट दाखवायची सवय गेलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लसीमुळे झालं म्हणावं, तर तसा संबंध सुचवणारा १९९८ चा १२ मुलांवरचा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला आणि डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात गोवराच्या एमएमआर लसीचा संबंध आढळला नाही. मोबाईलच्या अतिवापराने झोपेवर, बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. ऑटिझमचं मूळ मात्र बाळाच्या हाती मोबाईल येण्याच्या कितीतरी आधीचं असतं.

"काहीतरी असंबद्ध बडबडतो," असंही म्हणतात. पंगत रंगलेली असताना माझा मुलगा मोठ्याने म्हणतो, "पुढील स्टेशन ठाणे." लोकलमधली घोषणा त्याने जशीच्या तशी उचलली आहे. त्याच्या लेखी तिचा अर्थ: मला इथून निघायचंय. ऐकलेली वाक्यं अशी पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात आणि अनेकदा तेच त्या मुलाचं बोलणं असतं. अजिबात न बोलणाऱ्या मुलांना चित्रांचे तक्ते किंवा टॅब दिल्याने बोलणं मागे पडतं, ही भीतीही निराधार आहे.

"याचा काकाही उशिराच बोलला, थांब जरा," हा सल्ला ऐकून थांबू नये. वाचा आणि वर्तनावरचं काम जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. मात्र ऑटिझम मुळापासून घालवणारं औषध नाही. स्टेम सेलने तो बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्यापायी दागिने मोडणारी घरं मी पाहिली आहेत.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तर कायमचा शिक्का बसेल, म्हणून अनेक घरं ते टाळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र असलं की परीक्षेतल्या सवलती मागता येतात आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. ज्यांचं प्रमाणपत्र राहिलं आहे त्यांनी दिवाळी आटोपली की जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.