फाईल उघडत का नाही?

सोलापूरची चादर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावरील नक्षी जॅकार्ड यंत्रणेने विणली जाते. परंपरागत पद्धतीत ही नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रांच्या रूपाने साठवलेली असते. छिद्र असेल तेथे सुई आत शिरते व तिच्याशी निगडित उभा धागा उचलला जातो. नसेल तेथे तो खालीच राहतो. पण हेच कार्ड अनोळखी माणसाच्या हाती दिले, तर त्याला नुसती भोके दिसतील. कार्डाला अर्थ येतो तो योग्य मागावर.

मोबाइलमधील फाईलही अशीच असते. ती म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची लांबलचक ओळ. हे आकडे अक्षरांचे, चित्राचे की आवाजाचे, हे ओळखण्यासाठी तीन खुणा वापरतात. पहिली, नावाच्या शेवटी जोडलेली अक्षरे, उदाहरणार्थ '.पीडीएफ'. दुसरी, फाईलबरोबर पाठवलेले लेबल. ई-मेलसाठी १९९२ मध्ये आलेली 'माइम' ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. तिसरी खूण फाईलच्या पोटात असते. प्रत्येक पीएनजी चित्राचे पहिले आठ आकडे १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असेच असतात. त्यांतील ८०, ७८, ७१ हे पी, एन, जी या रोमन अक्षरांचे संकेतांक होत.

आता समजा, आपल्या एका विद्यार्थिनीने चादरीची नक्षी रेखाटण्याचे अ‍ॅप तयार केले. त्याच्या फाईलींना तिने '.नक्षी' हे शेपूट दिले. फोनला हा प्रकार ठाऊक नाही. म्हणून अ‍ॅपसोबतच्या माहितीपत्रकात तो नोंदवावा लागतो. अ‍ॅप बसवताना फोन हे पत्रक वाचतो. आयफोनमध्ये या प्रकाराला इतरांशी न जुळणारे नाव द्यावे लागते. त्यासाठी संकेतस्थळाचा पत्ता उलटा लिहिण्याचा प्रघात आहे. हा प्रकार कोणत्या परिचित प्रकारावर आधारलेला आहे, अ‍ॅप तो फक्त दाखवते की बदलूही शकते, आणि तो अ‍ॅपचा स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, हेही सांगावे लागते. अँड्रॉइडमध्ये मुख्य भर माइम लेबलावर असतो.

अडचण येते ती येथेच. विद्यार्थिनीने फाईल बाईंना पाठवली. बाईंच्या फोनवर अ‍ॅप आहे, तरी फाईल उघडत नाही! कारण वाटेतल्या निरोपाच्या अ‍ॅपला हा प्रकार अपरिचित असतो. ते फाईलवर 'नुसते आकडे' अशा अर्थाचे सर्वसाधारण लेबल लावते, आणि कधी कधी मूळ शेपूटही पुढे पोहोचत नाही. म्हणून चांगले अ‍ॅप असे लेबलही स्वीकारते, आणि मग फाईलचे सुरुवातीचे आकडे स्वतः तपासून ती आपली आहे की नाही हे ठरवते.

शेपूट ओळखणे सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाईलचे शेपूट '.एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये बसणारा प्रोग्रॅम आहे. ती उघडू नये.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. जिओजेब्राच्या '.जीजीबी' फाईलची प्रत काढून संगणकावर तिचे शेपूट '.झिप' करावे. ती उघडल्यावर आत अनेक छोट्या फाईली दिसतील, कारण हा प्रकार झिपवरच आधारलेला आहे. मग विद्यार्थ्यांना विचारावे: पीडीएफचे शेपूट बदलून '.पीएनजी' केले, तर तिचे चित्र होईल का? नसल्यास का नाही?