सी.ए.ची उमेदवारी : मोठी फर्म की छोटी?

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील व्यापारी घरांत मुलगा किंवा मुलगी सी.ए. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाली, की पेढे वाटून होण्यापूर्वीच प्रश्न उभा राहतो : आर्टिकलशिप कोठे करावी? मुलांचा ओढा दादर, लोअर परळ, गोरेगावच्या मोठ्या कार्यालयांकडे असतो. वडिलांना वाटते, पेढीचे हिशेब वर्षानुवर्षे पाहणाऱ्या स्टेशनजवळच्या सी.ए.साहेबांकडेच पाठवावे. दोघांचेही म्हणणे निराधार नसते.

ही निवड आता अधिक विचाराने करावी लागते. सनदी लेखापालांची संस्था १९४९ साली कायद्याने स्थापन झाली. अलीकडेपर्यंत उमेदवारी ३ वर्षांची होती; १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती २ वर्षांवर आली. शिवाय मध्येच फर्म बदलण्यावर संस्थेचे निर्बंध आहेत. चुकीच्या जागी गेलेले ६ महिने म्हणजे उमेदवारीचा चौथा हिस्सा.

मोठ्या फर्मचे बळ शिस्तीत आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, बँका, विमा कंपन्या यांचे लेखापरीक्षण तेथे चमूने होते. प्रत्येक निष्कर्षामागचा पुरावा कागदावर ठेवावा लागतो आणि वरिष्ठ तो पुन्हा तपासतात. ही सवय आयुष्यभर उपयोगी पडते. मात्र कामाचे विभाग पाडलेले असतात. लेखापरीक्षण विभागातला उमेदवार जी.एस.टी.चे एकही विवरणपत्र न भरता बाहेर पडू शकतो.

छोट्या फर्मचा महिना तारखांवर चालतो. ७ला टी.डी.एस.चा भरणा, ११ला जीएसटीआर-१, २०ला जीएसटीआर-३बी आणि सप्टेंबरअखेर कर-लेखापरीक्षणाची घाई. उमेदवार लवकरच व्यापाऱ्यासमोर बसतो. पुरवठादाराने बिल पोर्टलवर चढवले नाही म्हणून अडकलेले क्रेडिट, कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्यासाठी बँकेला द्यायचे मालसाठ्याचे विवरण, नोटिशीचे उत्तर हे सारे तो हाताने शिकतो. पुढे घरचा व्यवसाय सांभाळायचा किंवा स्वतःचे कार्यालय काढायचे असेल, तर ही शिदोरी मोलाची. पण साहेबांना शिकवायला सवडच नसेल, तर २ वर्षे टॅलीत नोंदी करण्यात संपतात.

घरच्या रीतिरिवाजांचाही विचार करावा. मोठ्या लेखापरीक्षणात परगावचे मुक्काम आणि रात्री उशिरापर्यंतचे काम असते. चौविहार पाळणाऱ्याला सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची सोय स्वतः करावी लागते. पर्युषणाचे दिवस छोट्या फर्ममध्येही कर-लेखापरीक्षणाच्या हंगामातच येतात. हे आधी मोकळेपणाने बोलून घ्यावे. केवळ मुलगी आहे म्हणून घराजवळचे कार्यालय ठरवून टाकणे मात्र तिच्यावर अन्याय करणारे आहे.

तिसरा मार्गही काही घरांत सुचवला जातो : ओळखीच्या फर्ममध्ये नाव नोंदवायचे आणि प्रत्यक्षात घरी बसून अभ्यास करायचा. संस्था याला गैरवर्तन मानते. असा काळ रद्द होऊ शकतो आणि सी.ए.वरही शिस्तभंगाची कारवाई होते. अभ्यासाला वेळ हवा, ही सबबही आता उरलेली नाही. नव्या योजनेत उमेदवारी संपल्यावर अंतिम परीक्षेपूर्वी ६ महिने अभ्यासासाठी मिळतात. ज्याची सही उद्या इतरांच्या हिशेबांच्या खरेपणाची ग्वाही देणार, त्याच्या व्यवसायाची पहिलीच नोंद खोटी असू नये.

निर्णयापूर्वी त्या फर्ममध्ये सध्या काम करणाऱ्या उमेदवाराला भेटावे. गेल्या ३ महिन्यांत त्याने कोणती कामे केली? त्याचे काम कोण तपासते? चूक झाली तर समजावले जाते, की परस्पर दुरुस्त होते? अशीलासमोर बोलण्याची संधी मिळते का? ही उत्तरे पाटीवरच्या नावापेक्षा अधिक सांगतात. मध्यम आकाराच्या फर्म्सचाही विचार करावा. कंपन्यांचे लेखापरीक्षण आणि करविषयक कामे दोन्ही तेथे अनेकदा एकत्र शिकता येतात.

नोकरीची वाट धरायची असेल तर मोठ्या फर्मचे नाव पहिले दार उघडते. स्वतःचा व्यवसाय करायचा असेल तर छोट्या फर्ममधला अनुभव तत्काळ कामी येतो. आधी मुलाला किंवा मुलीला पुढे काय करायचे आहे हे विचारावे, फर्म त्यानंतर शोधावी. उमेदवारी त्यांना करायची आहे. पेढीच्या सोयीने ती ठरू नये.