धामण उंदरामागे येते

पठाणपुऱ्यातल्या मावशींचा फोन पहाटे पाचला आला. “भाऊ, धानाच्या पोत्यांमागं साप हाये. लवकर या ना!” पोती बाजूला केली तर सहा फुटांची धामण. बिनविषारी. तिला पिशवीत घेतलं आणि टॉर्च भिंतीच्या कडेनं फिरवला. जमिनीलगत काळपट, तेलकट पट्टा उमटला होता. उंदीर भिंतीला मिशा टेकवत रोज त्याच वाटेनं जातो, त्याच्या अंगाचा मळ तिथं बसतो. चंद्रपुरात इतकी वर्षं साप पकडतोय. हा पट्टा दिसला की साप का आला ते विचारावं लागत नाही.

मिरियम चांडी मेनाचेरी यांचा ‘द रॅट रेस’ हा माहितीपट मी दोनदा पाहिला. मुंबई महापालिकेचे मूषकसंहारक काठी आणि टॉर्च घेऊन रात्रभर गल्ल्या धुंडाळतात; एका रात्रीत ३० उंदीर मारायचेच, असा नेम. त्यांचे कष्ट पाहून जीव गलबलतो. मुंबईनं या प्राण्याची दहशत सोसली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तो उंदरावरच्या पिसवा पसरवतात, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं.

पण काठी बिळात शिरत नाही. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. धामण मात्र बिळात शिरते आणि पिल्लंही खाते. मुल-सिंदेवाहीकडे धानाचे पुंजणे लागले की बांध्यांमध्ये ती हेच काम करते, आणि तिथंही काठीच खाते. मला याचा फार त्रास होतो.

लोक विष ठेवतात. उंदीर नवी वस्तू आधी थोडीशीच चाखतो. झिंक फॉस्फाईडनं पोट बिघडूनही वाचला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. रक्त गोठू न देणारं औषध खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर सुस्तावून उघड्यावर फिरणारा तो उंदीर गव्हाणी घुबडानं उचलला, तर विष घुबडाच्याही पोटात जातं. या घुबडाचं नावच गव्हाणीवरून पडलेलं. आपल्या गोठ्यातला राखणदार तो.

जुलै २०२२ मध्ये इरईचा पूर वस्त्यांत शिरला, तेव्हा बिळं बुडाली आणि उंदीर फळ्यांवर चढले. मागून साप. साप सगळ्यांना दिसला. पाण्यात मिसळलेलं उंदराचं मूत कुणाला दिसत नाही. त्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात जातात. पुराच्या पाण्यात अनवाणी उतरणाऱ्या पोरांना मी ओरडतो ते यासाठी.

मावशींना म्हटलं, पोती विटांवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर. बिळं काचेचे तुकडे घालून सिमेंटनं बुजवा. उष्टं रात्री उघडं ठेवू नका. त्यांनी सगळं केलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला: परसात धामण दिसली.

“येऊ का?” मी विचारलं.

“नाही भाऊ, राहू द्या. ते आपल्या कामानं आली हाये.”