माथेरानची विजेची रिक्षा

परभणीहून रात्रीच्या गाडीने निघून कल्याणास उतरावे, तेथून कर्जतच्या लोकलने नेरळ गाठावे आणि घाट चढू लागावे, म्हणजे आपल्या काळ्या मातीत वाढलेल्या डोळ्यांस एक नवाच रंग दिसू लागतो. रस्ता तांबडा, झाडांची खोडे तांबडी, माकडांचे पंजे तांबडे, आणि तासाभरात आपला पांढरा सदराही तांबडा! हा सारा जांभा दगडाचा प्रताप. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगराच्या माथ्यावरील रानात वसलेले हे गाव म्हणजे माथेरान. २०२५ सालच्या जानेवारी महिन्यात आमच्या शाळेची एक लहानशी तुकडी घेऊन मी तेथे गेलो होतो. सहलीचे वर्णन करावे असा माझा हेतू नाही. तेथे पाहिलेल्या एका वाहनाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

नेरळहून येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून पुढे तिला मज्जाव आहे. माथेरानात मोटारी पूर्वीपासूनच नव्हत्या. २००३ साली केंद्र सरकारने हा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हापासून त्या बंदीस कायद्याचे अधिक बळ आले. रुग्णवाहिका तेवढी अपवाद. नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर कापण्यास आजवर चार साधने होती: आपले पाय, घोडा, लहान आगगाडी आणि हातरिक्षा. आता पाचवे आले आहे. ते म्हणजे विजेवर चालणारी तीन चाकी रिक्षा.

आमच्यातील एक मुलगा पायाने अधू होता. त्याच्याबरोबर कोणी बसावे याविषयी चिठ्ठ्या टाकल्या. दोघे भाग्यवान निघाले, बाकीचे दुसऱ्या शिक्षकांबरोबर पायी निघाले, आणि मुलांवर देखरेख हवी म्हणून चौथी जागा मी चिठ्ठीवाचूनच घेतली. आमचा चालक पन्नाशीकडे झुकलेला, बोलका गृहस्थ होता. रिक्षा सुरू झाली तशी त्याची जीभही सुरू झाली. थायलंड देशात, बँकॉकसारख्या शहरी, प्रवाशांस अशाच तीन चाकी गाडीत बसवून देवळे व राजवाडे दाखवीत फिरवितात, आणि चालकच वाटाड्याचे काम करितो असे मी वाचले होते. येथे राजवाडे नाहीत. परंतु वाटाड्या काही कमी नव्हता.

"पोरांनो, हे अमन लॉज स्टेशन. आगगाडीचे रूळ बघा, दोनच फूट रुंद." ही गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय या मुंबईच्या धनिकाने तिच्यासाठी पैसा उभा केला, आणि नेरळपासून २१ किलोमीटरांची ही नागमोडी वाट तीन वर्षांत तयार झाली. "ते तिकडे पॅनोरमा पॉइंट, सूर्योदय पाहावा तर तिथून. खाली शार्लोट तळे, त्याच्या काठी पिसरनाथाचे देऊळ. पलीकडे लुइझा पॉइंट, समोर प्रबळगड दिसतो. दक्षिणेच्या टोकाला वन ट्री हिल, तिथल्या खोल वाटेला शिवाजीची शिडी म्हणतात." बहुतेक पॉइंटांस नावे साहेबमडमांची. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून वर चढला आणि त्याने हे ठिकाण 'शोधले' असे पुस्तके सांगतात. परंतु त्यापूर्वी येथे वावरणाऱ्या धनगर, ठाकर व कातकरी लोकांस ते हरवलेले नव्हतेच!

एका नावापाशी मात्र चालकाने रिक्षेचा वेग कमी केला. हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे याच गावचे. १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते वकील झाले, येथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते गोळीबारात पडले. "विजेचे मनोरे पाडणाऱ्याच्या गावात आता विजेची रिक्षा!" असे मागून एक विद्यार्थी म्हणाला. चालक हसला, परंतु मला वाटते, त्या मनोऱ्यांतून जाणारी वीज कोणाच्या सत्तेसाठी होती हे त्या मुलास घरी गेल्यावर पुन्हा शिकवावे लागेल.

आता 'रिक्षा' या शब्दाकडे वळू. तो जपानी आहे. मूळ शब्द 'जिनरिकिशा'. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकी' म्हणजे बळ, 'शा' म्हणजे वाहन. माणसाच्या बळाने चालणारे वाहन. १८७० च्या सुमारास जपानात ते प्रचारात आले आणि तेथून सिमला, कलकत्ता करीत आपल्याकडे पोहोचले. वाटेत शब्दातील 'जिन' गळून पडला. पुढे इंजिनाची तीन चाकी आली. जपानहून तसल्या गाड्या १९६० च्या सुमारास थायलंडात गेल्या आणि त्यांच्या इंजिनाच्या आवाजावरून लोक त्यांस 'टुक-टुक' म्हणू लागले. आपल्या मराठवाड्यात वाळूजच्या कारखान्यात आज हजारो रिक्षा तयार होतात. आणि विजेच्या रिक्षेचा एक आरंभीचा नमुना तर २००० सालाच्या सुमारास फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सिद्ध केला होता. येणेप्रमाणे जगभर रिक्षेतून माणूस सुटत गेला. माथेरानात तो शब्दातून सुटला, दांड्यांतून सुटला नाही. येथे एकजण पुढून ओढी आणि दोघे मागून ढकलीत.

या गोष्टीशी माझा परिचय जुना आहे. २००४ सालच्या मे महिन्यात मी माझ्या आईस घेऊन येथे आलो होतो. तिचे गुडघे दुखत, म्हणून हातरिक्षा केली. मी बाजूने चालत होतो. चढ लागला तसा पुढच्या माणसाच्या छातीचा भात्यासारखा आवाज ऐकू येऊ लागला. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा रे, थांब. मी उतरते. तुझा श्वास मला ऐकवत नाही." त्या माणसाने रिक्षा थांबविली, घाम पुसला आणि अत्यंत नम्रपणे उत्तर दिले, "आई, तुम्ही उतरलात तर माझी मजुरीही उतरते." आई पुन्हा बसली. बाजारपेठ येईपर्यंत तिने मान वर केली नाही, आणि मीही नाही. बसणे हे पाप वाटावे आणि उतरणे हा त्याहून मोठा अन्याय ठरावा, असा तो पेच होता. दया करू म्हणणाऱ्यास तो सुटत नाही. तो सुटावयाचा तर बळ दुसरीकडून आणावे लागते.

ते बळ कोठून येते हे आता पाहू. विजेच्या रिक्षेच्या आसनाखाली बॅटरी असते. तीत साठविलेली वीज एका नियंत्रकातून मोटरीकडे जाते. मोटरीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून क्रमाक्रमाने प्रवाह सोडला की चुंबकीय बल गोल फिरते, आणि त्याच्या मागोमाग चुंबक बसविलेला दांडा फिरतो. चालक मूठ पिळतो तेव्हा तो नियंत्रकास केवळ 'अधिक' किंवा 'कमी' एवढेच सांगत असतो. पेट्रोलच्या इंजिनास वेग आल्यावाचून नीट जोर येत नाही. विजेच्या मोटरीचा जोर निघतानाच भरपूर असतो. म्हणून चढावर थांबून पुन्हा निघणे तिला जड जात नाही.

आता थोडे गणित. रिक्षा व माणसे मिळून ७०० किलो वजन, आणि चढ एकंदर ५० मीटर उंचीचा आहे असे समजू. ७०० ला ९.८ ने आणि मग ५० ने गुणिले म्हणजे ३,४३,००० जूल होतात. एक युनिट वीज म्हणजे ३६,००,००० जूल. तेव्हा ही सारी मंडळी वर उचलण्यास सुमारे एक दशांश युनिट पुरे! अर्थात घर्षणात व मोटरीच्या उष्णतेत आणखी पुष्कळ वीज खर्च होते. आता हातरिक्षेचा हिशेब पाहा. रिक्षा व तीत बसलेला मनुष्य मिळून २०० किलो धरले तर ९८,००० जूल, म्हणजे एका युनिटाच्या तीन शतांशांहूनही कमी. युनिटास १० रुपये धरा; ही वीज ३० पैशांचीही होत नाही. घर्षणासाठी तिप्पट करा, तरी रुपयाच्या आत. माझ्या आईस मान वर करू न देणारे ते श्रम बाजारभावाने एवढ्याच किमतीचे होते. मुलांनी हे गणित दोनदा तपासले, कारण त्यांस ते खरे वाटेना.

येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. विजेच्या रिक्षेस धूर नाही असे आपण म्हणतो, परंतु बॅटरीत भरलेली वीज जर आपल्या परळीसारख्या औष्णिक केंद्रातून आली असेल, तर धूर माथेरानास न होता परळीस झाला एवढेच. माथेरानपासून फार दूर नसलेल्या खोपोलीस १९१५ सालापासून पाण्याच्या धारेवर वीज निर्माण होते; तसली वीज मिळाली तर गोष्ट वेगळी.

या रिक्षा सहजासहजी आल्या नाहीत. मोटारबंदीच्या गावात यंत्राचे वाहन आणावयाचे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोगास परवानगी दिली, आणि डिसेंबरात सात रिक्षा तीन महिन्यांसाठी धावल्या. लांबवर चालत शाळेस जाणाऱ्या मुलांस तेव्हा त्यांचा मोठा उपयोग झाला. पुढे संख्या २० पर्यंत ठेवून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांसच द्याव्यात असे ठरले. घोडेवाल्यांचा मात्र विरोध होता. आमच्या अधू विद्यार्थ्यास बाजारातून तळ्यापर्यंत ज्याने घोड्यावरून नेले, तो म्हणाला, "गुरुजी, रस्त्यावर फरशीचे ठोकळे घातले. रिक्षाला बरे, पण घोड्याचा खूर घसरतो. आमचे पोट कोणी मोजले?" त्याचे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटले नाही.

आम्ही परत आल्यानंतर सात महिन्यांनी, ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. माणसाने माणसास ओढण्याची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर भाड्याने विजेच्या रिक्षा देण्याची योजना राज्याने करावी, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असे त्यात आहे. ठोकळे दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच राहावेत, आतल्या रस्त्यांवर व रानवाटांवर घालू नयेत, असेही सांगितले आहे.

आमचा चालक पूर्वी हातरिक्षाच ओढीत असे. निरोप घेताना त्याने मुलांस आपले खांदे व तळवे दाखविले. घट्टे अजून तसेच होते. त्याची रिक्षा मुळीच आवाज करीत नाही, म्हणून तिला भोंगा आहे, परंतु वळण आले की भोंगा विसरून तो जुन्या सवयीने तोंडानेच "बाजू, बाजू!" असे ओरडे. त्याचा मेहुणा तेव्हाही हातरिक्षा ओढीत होता.

निकालाची बातमी असलेले वर्तमानपत्राचे कात्रण चिठ्ठीत भाग्यवान ठरलेल्या दोघांपैकी एकाने वर्गात आणले. मी फळ्यावर आकडे मांडले: परवान्याच्या हातरिक्षा ९४, एकीस माणसे ३, एकंदर २८२, विजेच्या रिक्षेस चालक १. त्याने वजाबाकी केली, उत्तर वहीत लिहिले आणि हात वर करून विचारले, "सर, मेहुण्याला रिक्षा मिळेल, पण मागून ढकलणारे ते दोघे?"