एक गोळी, दोन विषाणु

एच्. आय्. व्ही. ज्याच्या रक्तांत शिरला, त्याच्या यकृतांत हिपॅटायटिस बी हा दुसरा विषाणुहि कित्येकदां आढळतो. यांत नवल नाहीं. दूषित रक्त, शरीरसंबंध आणि मातेकडून अर्भकास, हे दोहोंचेहि मार्ग एकच. (सहभोजनानें यांपैकीं एकहि जडत नाहीं, हें आमच्या इंद्रलोकांतील शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.)

येथून आगगाडीनें गांठतां येणाऱ्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत २००४ सालीं एच्. आय्. व्ही. चीं सरकारी औषधें मोफत मिळूं लागलीं. त्या वेळच्या मिश्रणांत दोन्ही विषाणूंवर चालणारें द्रव्य लॅमिव्हुडिन हें एकच होतें. त्या एकट्याला यकृताचा विषाणु कांहीं वर्षांनीं दाद देईनासा होई. पुढें जोडीस टेनोफोव्हिर आलें आणि एकाच गोळीनें दोन्ही आंवरले जाऊं लागले.

परंतु खरा धोका येथेंच आहे. बरें वाटतें म्हणून, अथवा कोणी पाहील या लाजेनें, रोगी गोळी सोडतो; मग दबलेला यकृताचा विषाणु एकाएकीं उसळतो, कावीळ होते, क्वचित् प्राणहि जातो. यास्तव उपचारारंभींच ही रक्तपरीक्षा करवावी. विषाणु नसल्यास लस आहे. शहरांत नशेच्या सामायिक सुयांतून पसरणाऱ्या हिपॅटायटिस सी ला लस नाहीं. पण तो सुमारें बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं बहुधा समूळ जातो.