निशाण उतरतं, पहारा चालूच राहतो



आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पाण्यातला किल्ला म्हटलं की आपल्याला बोरी नदीकाठचा नळदुर्गच आठवतो. पण ४ डिसेंबर २०२३ ला मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीनं नौदल दिन साजरा झाला, तो आम्ही गटातल्या बायकांनी टीव्हीवर पाहिला. शेवटी सूर्यास्ताचा सोहळा होता. तो कशासाठी असतो, हे आज समजून घेऊ.

सिंधुदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर घातला. चारही बाजूंनी खारं पाणी, आत मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी.

नौदलाच्या जहाजावर सकाळी निशाण चढतं आणि सूर्य मावळताना उतरतं. बिगूल वाजला की हातातलं काम थांबवून सगळे ताठ उभे राहतात. निशाण सावकाश, मानानं उतरवतात. सोहळ्याच्या दिवशी याला बँडची साथ असते आणि अंधार पडला की नांगरलेली जहाजं दिव्यांनी उजळतात. रीत जुनी आहे. संध्याकाळी नगारा झाला की लढाई थांबायची आणि माणसं छावणीत परतायची. दिल्लीत २९ जानेवारीला होणारं ‘बीटिंग रिट्रीट’ हेच.

गडांचे दरवाजेही सांजेला बंद व्हायचे. दरवाजा बंद झाला म्हणून तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेली हिरकणी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पण निशाण उतरलं म्हणून जहाज झोपत नाही. रात्रभर पाळीपाळीनं पहारा असतो. या कामात आता मुलीही आहेत. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथं नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीचं संचलन झालं. त्यात अडीचशेहून जास्त मुली होत्या. एरवी सकाळी होणारं हे संचलन त्या वेळी मुद्दाम सूर्यास्तानंतर झालं.

आपल्याकडे मात्र “दिवेलागणीच्या आत घरात ये” म्हणता म्हणता मुलीचा संगणकाचा वर्ग सुटतो, पोलीस भरतीचा सराव सुटतो. आईची काळजी खोटी नाही. रस्त्यावर अंधार असतो, एसटी उशिरा येते. पण त्यावर उपाय म्हणजे मुलीला घरी बसवणं नव्हे. आम्ही गटात पाळ्या लावल्या आहेत. संध्याकाळच्या गाडीला दोघीजणी बॅटरी घेऊन फाट्यावर जातात आणि सगळ्या मुलींना सोबत घेऊन येतात.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारा: गावातल्या किती मुली अंधार पडल्यावर परततात? फाट्यावर दिवा आहे का? नसेल तर ग्रामसभेत सगळ्याजणी मिळून मागणी करा. दिवा लागेपर्यंत पाळ्या आपल्याच.